खोलीतला पेला कोणाचा?

डिसेंबर उजाडला की बेळगावातील बहुतेक हॉटेलांच्या काउंटरवर एकच उत्तर मिळते: खोली शिल्लक नाही. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले आणि तेव्हापासून जवळपास दरवर्षी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी मंत्री, आमदार, त्यांचे स्वीय सहायक, खात्याखात्यांचे अधिकारी, पत्रकार आणि आपापली गाऱ्हाणी घेऊन येणारे मोर्चेकरी असा सगळा लवाजमा शहरात उतरतो. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा, लग्नसराई, चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला जाणाऱ्यांच्या जोडून आलेल्या सुट्ट्या, या दिवसांतही थोड्याफार फरकाने हीच स्थिती असते. एक पाहुणा दहा वाजता खोली सोडतो आणि अकराला दुसरा बॅग घेऊन दारात उभा असतो. मधल्या वेळात चादरी बदलल्या जातात, न्हाणीघर धुतले जाते, टॉवेल नवे येतात, केरकचरा निघतो आणि शेवटी सुगंधी फवारा मारला जातो. मेजावरचे दोन काचेचे पेले आणि किटलीशेजारचे दोन कप यांचे त्या वेळात नेमके काय होते, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. पाहुणा चादरीवरचा डाग पाहून खोली बदलून मागतो, आणि त्याच खोलीतल्या पेल्यात पाणी ओतून निर्धास्तपणे पितो.

बँकेच्या शाखांची तपासणी करण्याच्या नोकरीत माझे निम्मे आयुष्य लॉजांत गेले. अथणी, चिकोडी, निपाणी, गोकाक, खानापूर ही तर घरचीच गावे. पण कारवार, बिदर, कलबुर्गी अशा सीमेलगतच्या शहरांतही मुक्काम पडत असे. हिशेबाच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला जी सवय जडते, ती खोलीतही सुटत नाही. दारातून आत गेलो की मी आधी पेला उचलून खिडकीशी नेतो. उजेडात धरल्यावर काच बरेच काही सांगते. कडेखाली अर्ध्या बोटावर ओठांचा पुसट अर्धगोल राहिलेला असतो, तो हाताने पुसता येतो पण नुसत्या पाण्याने जात नाही, कारण तो तेलकट असतो. तळाशी वाळलेल्या थेंबाचे पांढरे वर्तुळ असेल, तर पेला उताणा ठेवून वाळवला आहे हे कळते. आणि सर्वांत बोलका पुरावा म्हणजे आतल्या बाजूला चिकटलेला टॉवेलचा बारीक धागा. तो धागा दिसला की पेला पुसला गेला आहे एवढे निश्चित होते. कशाने पुसला, हे धाग्याच्या रंगावरून ओळखावे. खोलीतले टॉवेल पांढरे असतात आणि धागाही बहुतेक वेळा पांढराच असतो.

पेल्याच्या तोंडावर कागदाची चुणीदार टोपी घालण्याची पद्धत मध्यम दर्जाच्या हॉटेलांत रूढ आहे. त्या टोपीवर इंग्रजीत निर्जंतुक केल्याची ग्वाही छापलेली असते. एकदा गोकाकच्या मुक्कामात ती टोपी काढली, तर आतल्या बाजूने कागद ओलसर होऊन काचेला चिकटलेला होता, म्हणजे पेला ओला असतानाच त्यावर टोपी चढवली होती आणि दमटपणा आत कोंडला गेला होता. ग्वाही देणारा कागद छापखान्यातून शेकड्याने येतो. पेला मात्र एकेक करून धुवावा लागतो. बाकी त्या कागदाबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

निपाणीच्या एका लॉजमध्ये सकाळच्या वेळी खोली आवरायला येणाऱ्या मावशींशी या विषयावर बोलणे झाले होते. मी विचारले, ‘‘मावशी, हे पेले तुम्ही धुता कुठे?’’ त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिले. मालकाकडे तक्रार जाणार नाही अशी खात्री पटल्यावर म्हणाल्या, ‘‘वरच्या मजल्यावर नळ हाय तो न्हाणीतलाच. तिथंच धुत्यात सगळी. खाली न्यायचं म्हटलं तर जिन्यात एखादा फुटतोय, आणि फुटला की पगारातनं कापत्यात बघा, साहेब.’’ मग त्यांनी बेसिनमध्ये पेला धरून, आत बोटे फिरवून, खांद्यावरच्या फडक्याने पुसून दाखवला. काम झटपट आणि नेटके होते. पेला चमकत होता. खांद्यावरचे फडके त्याआधी कशाकशावरून फिरले होते, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. त्यांच्या वाट्याला त्या दिवशी सबंध मजला होता. मोठ्या हॉटेलांत एका माणसाने एका पाळीत चौदा-सोळा खोल्या आवराव्यात असा सर्वसाधारण रिवाज आहे, आणि छोट्या लॉजमध्ये तर असा काही हिशेबच नसतो, जे पडेल ते करावे लागते.

या प्रश्नाचे मूळ मावशींच्या हातात नाही, तर हॉटेलच्या कामाच्या वाटणीत आहे, असे माझे मत त्यानंतर बनत गेले. हॉटेलात भांडी घासण्याचे काम स्वयंपाकघराच्या खात्याकडे असते आणि खोल्या आवरण्याचे काम हाऊसकीपिंगकडे. खाली उपाहारगृहात ग्राहकापुढे ठेवलेला पेला हा भांडे मानला जातो. तोच पेला लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेला की तो दिवा, आरसा, ॲश-ट्रे यांच्या पंक्तीला जाऊन बसतो, खोलीतल्या सामानाच्या यादीत त्याची नोंद होते, आणि सामान पुसायचे असते, घासायचे नसते. हाऊसकीपिंगच्या ट्रॉलीवर नजर टाकली तरी हे ध्यानात येते. आपल्याकडच्या पुष्कळ हॉटेलांत टास्की या नावाची द्रावणे वापरतात आणि त्यांची नावे क्रमांकाने पडलेली आहेत. आर-वन न्हाणीघरासाठी, आर-टू फरशी आणि इतर सर्वसाधारण पृष्ठभागांसाठी, आर-थ्री काचेसाठी, आर-फोर लाकडी सामानाच्या चकाकीसाठी, आर-फाइव्ह हवेतील सुगंधासाठी आणि आर-सिक्स कमोडसाठी. कामाला लागलेल्या नव्या मुलाला पहिल्या आठवड्यातच हे पाठ करावे लागते. या सहांमध्ये ज्यातून माणूस पाणी पितो त्या पेल्यासाठी एकही नाही, आणि त्यात द्रावण बनवणाऱ्यांचा दोष नाही, कारण पेला घासणे हे त्या ट्रॉलीचे काम आहे असे कोणी गृहीतच धरलेले नाही. मग ट्रॉली ढकलणारा माणूस हाताशी असलेल्यांतले सर्वांत जवळचे उचलतो. आर-थ्री काचेसाठी आहे. पेलाही काचेचाच आहे. आरशावर मारायचा निळा फवारा पेल्यावर मारला जातो तो असा, अगदी तर्कशुद्ध रीतीने. फडक्यांनाही रंग ठरवून दिलेले असतात, कमोडचे लाल, इतर ठिकाणचे वेगळे. पण दुपारपर्यंत सगळी फडकी ओली होतात आणि रंगांचा नियम तेवढाच ओला होतो.

हे केवळ सीमाभागातल्या लॉजांचे दुखणे असते, तर गरिबीकडे बोट दाखवून मोकळे होता आले असते. पण २००७ मध्ये अमेरिकेतील अटलांटा शहराच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने हॉटेलांच्या खोल्यांत छुपे कॅमेरे ठेवले, तेव्हा तिथेही साबणाशिवाय बेसिनमध्ये विसळलेले आणि वापरलेल्या टॉवेलने पुसलेले पेलेच दिसले. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील एका ब्लॉगरने तर नामांकित साखळ्यांच्या चौदा आलिशान हॉटेलांतील चित्रफीत प्रसिद्ध केली. पाहुण्याने अंग पुसून टाकलेल्या टॉवेलने कप पुसणारे कर्मचारी लाखो लोकांनी पाहिले, अनेक हॉटेलांनी माफी मागितली आणि तेथील सांस्कृतिक व पर्यटन मंत्रालयाला चौकशीचे आदेश काढावे लागले. एका रात्रीला हजारो रुपये मोजणाऱ्या पाहुण्याच्या पेल्याची आणि निपाणीच्या लॉजमधल्या माझ्या पेल्याची गत एकच असावी, यात समाधान मानण्यासारखे काही नसले तरी कारणाचा उलगडा मात्र होतो. तिथेही वरच्या मजल्यावरचा जवळचा नळ न्हाणीघरातलाच होता.

पेला धुणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर अन्नसुरक्षेच्या नियमांत स्पष्ट आहे आणि ते आपल्या आजीला नवे वाटले नसते. आधी साबणाने घासायचे, मग स्वच्छ पाण्याने साबण काढायचा, आणि त्यानंतर जंतू मारायचे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आदर्श नियमावलीत हाताने धुतलेली भांडी ७७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम पाण्यात निदान ३० सेकंद बुडवावीत, नाहीतर योग्य प्रमाणातील क्लोरीनच्या पाण्यातून काढावीत, असे सांगितले आहे. शेवटची पायरी वाळवण्याची. भांडी फडक्याने न पुसता हवेवर निथळू द्यायची, कारण तिन्ही पायऱ्यांनी मिळवलेले एका मळक्या फडक्याने घालवता येते. आपल्याकडे २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आणि त्याखालील २०११ च्या परवाना-नोंदणी नियमांची चौथी अनुसूची आहे, तिच्यातही भांड्यांच्या स्वच्छतेवर भर आहे. पण निरीक्षक येतात ते स्वयंपाकघरात. तिसऱ्या मजल्यावरच्या ३०४ क्रमांकाच्या खोलीत कोणी अन्न निरीक्षक पेला उजेडात धरून उभा असल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

विसळलेला पेला घासलेल्या पेल्याइतकाच चमकू शकतो, ही यातली खरी अडचण आहे. ताटाला भाजीचा डाग राहिला तर दिसतो; पाण्याच्या पेल्याला राहते ती आधीच्या पाहुण्याची लाळ आणि त्याच्या हातावरचे जंतू, जे दिसत नाहीत. पोटाचे विकार घडवणारा नोरोव्हायरस किंवा कावीळ करणारा हेपॅटायटिस ए यांचा प्रसार असाच हातातोंडाच्या वाटेने होतो. म्हणून काही पेला तोंडाला लावताच माणूस आजारी पडतो असे नाही, बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि काहीच होत नाही म्हणूनच पद्धत बदलत नाही. त्यातच पेला ज्या पाण्याने विसळला, त्याचाही विचार करावा लागतो. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून पाणी येते, ते शुद्ध करून, क्लोरीन घालून सोडले जाते. पण लॉजच्या नळाला येते ते गच्चीवरच्या टाकीतून, आणि साठून राहिलेल्या पाण्यात क्लोरीन टिकत नाही. टाकीचे झाकण किती वर्षांपूर्वी उघडले होते, हे सांगणारा माणूस सहसा नोकरी सोडून गेलेला असतो.

आता पेल्यांशेजारच्या किटलीविषयी; परदेशी खोल्यांतल्या कॉफी मेकरची जागा आपल्याकडे तिने घेतली आहे. छोट्या ट्रेमध्ये विजेची किटली, चिकोरी मिसळलेल्या झटपट कॉफीच्या पुड्या, चहाच्या पिशव्या, दुधाच्या पावडरीच्या पुड्या आणि साखर, असा तो थाट असतो. किटलीच्या बाबतीत निसर्ग आपल्या बाजूने आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळते, पण तेवढी उष्णता रोगजंतू आणि विषाणू मारण्यास पुरेशी असते. तळाशी दिसणारा पांढरा, खरखरीत थर पाहून पुष्कळ जण नाक मुरडतात. तो थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पाणी तापले की त्यात विरघळलेले क्षार असे तळाशी बसतात. खानापूरच्या बाजूच्या पावसाळी मुलखातले पाणी त्यामानाने मऊ, आणि अथणी-गोकाककडे काळ्या मातीच्या मुलखातले, विशेषतः कूपनलिकेचे, जड. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता प्रतिलिटर २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी असे आहे. वरच्या मर्यादेजवळचे पाणी रोज उकळणाऱ्या किटलीत थोड्याच दिवसांत थर धरतो. त्या थराने प्रकृतीला अपाय होत नाही. लिंबूसत्त्व घालून पाणी उकळले की तो सुटतो, आणि ज्या किटलीत तो थरावर थर साचलेला आहे ती कोणी आतून घासलेली नाही, एवढी माहिती तेवढी त्यातून मिळते.

माझा आक्षेप क्षाराला नसून दुधाला आहे. रात्री अकराला लहान मूल दुधासाठी रडते, खालचे स्वयंपाकघर बंद झालेले असते, आणि आईपुढे एकच उष्ण वस्तू असते ती म्हणजे किटली. ती बिचारी पिशवी फोडून दूध किटलीत ओतते. दूध उतू जाते, तळाला लागते, झाकणाच्या बिजागरीत आणि तोटीच्या जाळीत साय अडकते. सकाळी किटली विसळून ठेवली जाते, पण जाळीतली साय तशीच राहते. कुणी अंडी उकडतो, कुणी मॅगी शिजवतो, विद्यार्थ्यांच्या परीक्षांच्या दिवसांत तर किटलीत अख्खा स्वयंपाक होतो. दुसऱ्या दिवशी आलेल्या पाहुण्याने झाकण उघडून वास घेतला तर त्याला करपलेल्या दुधाचा वास येईल. पण झाकण कोणी उघडत नाही, नळाखाली धरून तोटीतूनच पाणी भरतात. त्या आईला दोष द्यावासा मला वाटत नाही. रात्रीच्या वेळी पाव लिटर दूध तापवून देण्याची सोय ज्या लॉजमध्ये आहे, तिथल्या किटल्या नेहमी स्वच्छ आढळतात, हे माझे निरीक्षण आहे.

खरा कॉफी मेकर, म्हणजे गाळणकागदातून थेंबथेंब कॉफी उतरवणारा किंवा कॅप्सूलवर चालणारा, आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या महागड्या हॉटेलांत दिसतो. त्याच्याबाबत मी किटलीइतका निश्चिंत नाही. किटली रोज रिकामी होते आणि आत पाहता येते. यंत्राच्या टाकीत मात्र पाणी साठून राहते, नळ्या आत दडलेल्या असतात आणि पाणी उकळण्याच्या थोडे खालीच थांबते. एनएसएफ इंटरनॅशनल या संस्थेने २०११ मध्ये अमेरिकेतील काही घरे तपासली, तेव्हा निम्म्या घरांतील कॉफी यंत्रांच्या पाण्याच्या टाक्यांत यीस्ट व बुरशी सापडली. स्पेनमधील व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये कॅप्सूल यंत्रांच्या गळती-तबकात, म्हणजे कपाखालच्या थेंब झेलणाऱ्या तबकात, साठणारा कॉफीचा गाळ तपासला. कॅफिन जंतूंना मारक समजले जाते, तरीही तिथे एन्टरोकॉकस आणि स्यूडोमोनास जातीचे जीवाणू सुखाने नांदत होते. हा अभ्यास तबकाचा होता, कपात पडणाऱ्या कॉफीचा नव्हे, हे लक्षात ठेवायला हवे. बातम्यांमध्ये हा फरक हमखास पुसला जातो. पण घरच्या यंत्राला निदान एक मालकीण असते. हॉटेलच्या यंत्राचे तबक ओतून घासण्याचे काम नेमके कोणत्या खात्याचे, या प्रश्नावर पुन्हा आपण त्याच ट्रॉलीपाशी येतो.

भांड्याच्या बाबतीत आपला समाज बेफिकीर होता असे कोणी म्हणू शकणार नाही. माझे आजोबा प्रवासाला निघताना पितळेचा फिरकीचा तांब्या बरोबर घेत, आणि परक्या ठिकाणी कशालाही ओठ न लावता वरून पाणी पीत. लहानपणी मला त्या तांब्याच्या झाकणाच्या आट्यांचे फार कौतुक होते. मात्र त्या काटेकोरपणात स्वच्छता किती आणि सोवळे किती, हा प्रश्न टाळता येत नाही. पेला कसा धुतला याची चौकशी कमी आणि त्याला आधी कोणाचे ओठ लागले याचीच जास्त होत असे. याच सीमाभागात, चहाच्या दुकानांत विशिष्ट जातींसाठी वेगळे कप खुंटीला किंवा छपराच्या वळचणीला ठेवलेले असत. ते कप पिणाऱ्यानेच धुवून ठेवायचे असत. १९२५ च्या एप्रिलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेसाठी निपाणीला आले होते, तेव्हाच्या निपाणीत पेल्यांची ही वाटणी रोजच्या व्यवहाराचा भाग होती. पुढे १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला, ज्याचे नाव नंतर नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले, त्याच्या चौथ्या कलमात उपाहारगृहे, हॉटेले, धर्मशाळा, सराया आणि मुसाफिरखाने यांत लोकांसाठी ठेवलेल्या भांड्यांचा वापर नाकारणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून नमूद करावा लागला. कायद्याला भांड्यांचे नाव घ्यावे लागले, इतकी ती रूढी चिवट होती. आज खोलीतला पेला सर्वांना सारखाच मिळतो, हे मोठेच झाले. तो सर्वांना सारखाच अस्वच्छ मिळतो, ही पुढची तक्रार मी त्यामुळे जरा अधिक मोकळेपणाने करू शकतो. आणि गंमत अशी की आता पेला धुणाऱ्या मावशींकडे बोट दाखवून ‘‘ही माणसे अशीच’’ म्हणणाऱ्यांच्या सुरात मला कधीकधी ते जुने सोवळेच ऐकू येते.

कोविडच्या काळात खोल्यांतले पेले गायब झाले होते आणि त्यांच्या जागी कागदी कप आले. काही लॉजांनी ती पद्धत तशीच चालू ठेवली, कारण धुण्याचा प्रश्नच मिटतो. प्लॅस्टिकच्या पेल्यांवर कर्नाटकात २०१६ पासून आणि देशभरात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे कागदाचाच पर्याय उरतो. पण पाणी झिरपू नये म्हणून त्या कागदाला आतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा लावलेला असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना अशा कपात पंधरा मिनिटे ठेवलेल्या १०० मिलिलिटर गरम पाण्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिक कण आढळले होते. थंड पाण्यापुरता कागदी कप ठीक आहे; चहा त्यात ओतून गप्पा मारत बसू नये.

मी स्वतः काय करतो असे कोणी विचारले, तर फार काही करत नाही. खोलीत गेलो की खालच्या उपाहारगृहात फोन करून दोन पेले पाठवायला सांगतो. आपल्याकडच्या उडुपी पद्धतीच्या हॉटेलांत चमचे वाफाळत्या पाण्याच्या भांड्यात उभे असतात, पेले दिवसभर घासले जातात, ग्राहकांच्या नजरेसमोर ते काम चालते आणि चुकले तर तिथल्या तिथे तोंडावर बोलणी बसतात. त्या पेल्यावर माझा विश्वास आहे. कोणी कधी नाही म्हटलेले नाही, फक्त ‘‘खोलीत आहेत की सर’’ एवढे एकदा म्हणून पाहतात. किटलीचे झाकण उघडून वास घेतो, जाळी पाहतो, एकदा काठोकाठ पाणी उकळून ते कपात ओततो, कप फिरवून अर्धा मिनिट तसाच ठेवतो, मग ते पाणी बेसिनमध्ये ओतून पुन्हा उकळतो. चिनीमातीचा कप हे सोसतो. जाड काचेच्या थंड पेल्यात एकदम उकळते पाणी ओतले तर तो तडकतो, म्हणून तो प्रयोग काचेवर करू नये. टवका उडालेला कप मात्र बाजूलाच ठेवतो, कारण त्या खाचेतला मळ कोणत्याच पाण्याला दाद देत नाही.

पाहुण्याने हे सगळे करावे लागणे योग्य नाही, आणि उपाय अवघड आहे असेही नाही. चाळीस खोल्यांच्या हॉटेलात खोलीमागे दोन पेले आणि दोन कप धरले तर एकूण १६० नग होतात. तेवढाच आणखी एक संच घेतला, की वापरलेला संच ट्रेमधून खाली घासायला जाईल आणि घासलेला वर येईल. वरच्या मजल्यावर पेला धुण्याची वेळच येणार नाही. चांगल्या हॉटेलांत हेच करतात. माझ्या परिचयाच्या एका लॉजमालकांशी मी हा हिशेब मांडला होता. त्यांनी ट्रेची कल्पना नाकारली, कारण त्यांच्याकडे लिफ्ट नाही आणि जिना अरुंद आहे, पण मळक्या चादरी टाकण्याच्या कोपऱ्यात त्यांनी मजल्यामजल्यावर स्टीलचे सिंक, छोटा गीझर आणि पेले पालथे घालायची जाळी बसवली. फुटलेल्या पेल्याचे पैसे पगारातून कापणेही बंद केले, आणि मग, फूटतूट स्वतःच्या खिशातून जायला लागल्यावर, त्यांना स्टीलचे पेले आठवले. स्टील फुटत नाही, उकळत्या पाण्यात निर्धास्त बुडवता येते आणि खाली पडले तर फक्त आवाज होतो.

पाहुण्यांना मात्र ते रुचले नाही. खानावळीत उतरल्यासारखे वाटते, अशी तक्रार वारंवार येऊ लागली, तेव्हा त्यांनी मधला मार्ग काढला: डीलक्स खोल्यांत काचेचे पेले आणि साध्या खोल्यांत स्टीलचे. स्टीलचे पेले रोज उकळत्या पाण्यातून निघतात, काचेचे तडकू नयेत म्हणून कोमट पाण्यातून. मी तिथे उतरलो की साधी खोली मागतो, आणि निवृत्तीनंतर साहेब फारच काटकसरी झाले आहेत असा तिथल्या काउंटरवर समज पसरला आहे.